उंदरानं दिलेला दात

आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर फेकतात. फेकताना उंदीरमामाला सांगायचं, माझा दात घे आणि तुझा दे. उंदराचे दात बारीक, एकसारखे, पांढरे. सौदा फायद्याचा वाटतो. माझ्या भाचीनं सहाव्या वर्षी समोरचे दात मोठ्या विश्वासानं असे फेकले, तेव्हा मी अंगणातच होते. त्या दिवसाचा फोटो आहे माझ्याकडे. बोळकं पसरून हसतेय, डोळे मिटलेले, पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडं.

नवे दात आले ते खडूसारखे. चकाकी नाही, आडव्या पांढुरक्या रेघा. वर्ष-दीड वर्षात त्या रेघांवर आधी चहाचा रंग चढला, मग काताचा. दुसरीत असताना एकदा फोनवर म्हणाली, "आत्या, उंदरानं मले त्याचा वापरलेला दात देल्ला." मी खूप हसले. घरात ते वाक्य विनोद म्हणून दोन वर्षं फिरलं. त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक फोटोत एक तर हात तोंडावर आहे, नाही तर ओठ घट्ट मिटलेले, नाही तर ती कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी लपलेली. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. खरं तर सगळ्यांत आधी मलाच कळायला हवं होतं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचं. कापूस, तूर, थोडं सागवान, आणि दक्षिणेला पैनगंगा. मी १९८१ची. माझ्या जन्माआधीच गावात बोरिंग आलं होतं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी बोअर घेतले गेले, आणि गावोगाव तो लांब दांड्याचा लोखंडी पंप उभा राहिला. त्या पंपाची वंशावळ मराठीच आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी बनवलेला पंप, त्यात सोलापुरात झालेल्या सुधारणा, आणि त्यातून पुढे सत्तरच्या दशकात देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू'. आम्हाला त्याचं कौतुक एवढंच, की दांड्याला लोंबकळलं की झोका मिळायचा.

या बोरिंगला कुणी शिव्या दिल्या तर मला राग येतो, कारण त्याआधीचं पाणी मी आजीच्या पायावर पाहिलंय. घोट्याच्या वर एक वेडीवाकडी, सुकलेली खूण. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून नारू झाला होता तिला. नारू म्हणजे कातडीतून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब जंत. तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचे, असं ती सांगायची. नारू हा शब्दच आता मुलांना माहीत नाही. देश २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या झाकलेल्या, स्वच्छ बोरिंगचा वाटा मोठा. पाणी निवळशंख, मे महिन्यातही गार. वर त्यात डाळ लोण्यासारखी शिजायची, साबणाला फेस यायचा. विहिरीच्या जड पाण्यात तासभर न शिजणारी तूरडाळ बोरिंगच्या पाण्यात बोटानं मोडायची, म्हणून लांबच्या आळीतल्या बायाही आमच्याच बोरिंगवर यायच्या.

ती मऊ डाळ हीच दात बिघडवणाऱ्या फ्लोराईडची खूण होती, हे कुणाला माहीत असणार? जमिनीखालच्या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असला तर फ्लोराईड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. पाणी मृदू असलं, सोडियमचं असलं, तर फ्लोराईड त्यातच विरघळलेलं राहतं. बोअर खोल असेल तर पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, आणि खडकातली फ्लोराईडची खनिजं त्यात उतरतात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आजीनं याचा हिशेब तिच्या पद्धतीनं मिटवून टाकला होता : "त्या विहिरीनं नारू देल्ला, ह्या बोरिंगनं दात नेले. पाण्याचं काई खरं नाई, माय."

गावात असेपर्यंत मला माझे दात दिसलेच नाहीत. सगळ्यांचेच तसे. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दातांवर पट्टे, काहींच्या दातांना टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. आम्ही 'बोरिंगचे दात' म्हणायचो, जसं 'उन्हाळ्याचे फोड' म्हणतात तसं. त्यात लाज नव्हती. उलट बोरिंगच्या दाताला कीड लागत नाही, अशी गावाची फुशारकी होती. ती अगदीच खोटी नव्हती. पण दाताचं कवचच ठिसूळ होऊन टवके उडायला लागले की ती टिकत नाही.

१९९८ साली बारावीनंतर नागपूरला आले. होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीच्या आईनं मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मुलीची जात असून खर्रा खातेस?" ज्यांना विदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला ऐवज. आमच्याकडे तो अर्ध्या पुरुषांच्या गालात असतो, आणि दुर्दैवानं पोरांच्याही. त्या बाईंचा संशय वाईट हेतूचा नव्हता. काळजीच होती. पण मी त्या रात्री बाथरूममधल्या आरशासमोर पहिल्यांदा स्वतःचे दात नीट पाहिले. मीठ, कोळसा, लिंबू, खायचा सोडा, जे सुचलं ते सगळं घासून पाहिलं. हिरड्या सोलल्या. डाग जिथल्या तिथे.

मग मी एक पद्धत बसवली. हसायचं झालं तर ओठ मिटून नाकातून. बोलताना ओढणीचं टोक हनुवटीशी. तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असलं तरी लहान वाक्यात. दोन-तीन वर्षांत ही पद्धत इतकी अंगी मुरली, की लोकांना तो माझा स्वभाव वाटू लागला. 'गंभीर मुलगी आहे,' 'फार शालीन आहे,' 'उगाच खिदळत नाही.' लग्नाच्या बाजारात याचा मला चक्क फायदा झाला! सासूबाई आजही सांगतात, पाहायला गेलो तेव्हा मान वर करून हसलीसुद्धा नाही. मी गंभीर नव्हते हो. आम्हा बहिणींत चावटपणा करण्यात माझा पहिला नंबर होता.

लग्नानंतर, सत्ताविसाव्या वर्षी, नागपुरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मी सुरुवातच अशी केली, की मी दोन वेळा ब्रश करते, खर्रा खात नाही, चहासुद्धा एकदाच. ते म्हणाले, "घासण्याचा काही संबंध नाही. हे दात तुम्ही दीड-दोन वर्षांच्या असतानाच ठरलेत." समोरच्या पक्क्या दातांचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते मूल काही महिन्यांचं असल्यापासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीच्या आत घडत असतं. त्या काळात पोटात जास्त फ्लोराईड गेलं तर कवच पुरतं घट्ट होत नाही, सच्छिद्र राहतं. दात बाहेर येतो तेव्हा खडूसारखा दिसतो, आणि मग बाहेरचा रंग त्या छिद्रांत जाऊन बसतो. दुधाचे दात बरेचसे वाचतात, कारण ते आईच्या पोटात आणि अंगावर पिण्याच्या काळात घडतात, आणि आईच्या दुधात फ्लोराईड नगण्य असतं, आई कुठलंही पाणी पीत असली तरी. पेज, खिमटी, डाळीचं पाणी सुरू झालं की बोरिंग थेट बाळाच्या पोटात.

याचा अर्थ मी घरी येताना बसमध्ये लावत बसले. दीडाव्या वर्षी पाजलेलं पाणी सातव्या वर्षी दिसतं. आज गावात चांगलं पाणी आलं तर त्याचा पुरावा दिसायला सहा-सात वर्षं लागणार. तोवर सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवक बदललेला असतो, योजनेचा फलकही गंजलेला असतो. आणि ज्यानं ते पाणी प्यायलं त्या पोराला मात्र त्याचं उत्तर रोज द्यावं लागतं, तेही चुकीच्या प्रश्नाला : दात घासत नाहीस का?

हा चुकीचा प्रश्न जुना आहे. १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य गेला, तेव्हा तिथल्या मुलांच्या दातांवर असेच तपकिरी डाग होते. लोक त्याला 'कोलोराडोचा डाग' म्हणत आणि त्यांच्याकडे कारणंही तयार होती. मॅकेला पाण्याचा संशय आला, पण पाण्यातलं काय, हे सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञानं ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत ते फ्लोराईड असल्याचं शोधलं. आपल्याकडे १९३७मध्येच मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून हाडांपर्यंत गेलेल्या फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराईडनं होणाऱ्या याच आजाराची, नोंद झाली. म्हणजे माझ्या जन्माआधी ४४ वर्षं हे छापलेलं होतं.

डॉक्टरांनी माझ्या समोरच्या सहा दातांवर काँपोझिट चढवलं. दाताच्या रंगाची लुकण म्हणा ना. दर पाच-सात वर्षांनी नवी करावी लागते, मी तीनदा केलीय. पहिल्यांदा करून आले त्या रात्री नवऱ्यानं काहीतरी फालतू विनोद केला आणि मी मोठ्यांदा हसले. मग दोघंही जरा दचकलो. असो.

भाचीला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, आत्या नागपूरला राहते म्हणून आत्याचे दात पांढरे. मी तिचा तो समज राहू दिला. का, याचं मला देता येईल असं उत्तर नाही. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. खातं एकदा बंद केलं की पुन्हा उघडायचं नसतं, असं काहीसं वाटलं असेल.

यंदा संक्रांतीला चार दिवस माहेरी होते. भाची आता अकरा वर्षांची, सहावीत. दुपारी तिचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले, तर व्हरांड्यात एका दंत महाविद्यालयाची पोरं आली होती. विशी-बाविशीची, पांढऱ्या कोटातली. एक जण तोंडात टॉर्च मारून पाहत होता, दुसरी मुलगी बाकावर बसून प्रश्न विचारत होती. भाचीचा नंबर होता. मी खांबाला टेकून उभी राहिले.

प्रश्न आठ होते. गेल्या तीन महिन्यांत दातांमुळे खायला त्रास झाला का? बोलायला? दात घासायला? झोपायला? मनःस्थिती बिघडली, चिडचिड झाली? हसताना दात दाखवायला लाज वाटली? शाळेचा अभ्यास करायला अडचण आली? लोकांत मिसळायला? भाची प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत गेली. नाही. नाही. नाही. सहाव्या प्रश्नाला ती हसली. हात तोंडावर गेला, आणि हाताआडूनच ती 'हो' म्हणाली.

"किती वेळा?" तर रोज. "किती त्रास होतो, थोडा, मध्यम, खूप?" तिनं विचार करून मध्यम सांगितलं. मग पुढचे दोन प्रश्न, नाही, नाही.

नंतर मी त्या मुलीला विचारलं, याचं पुढे काय करता? तिनं छान समजावून सांगितलं. जगभर वापरतात ही पद्धत. प्रत्येक प्रश्नाला त्रास किती याचे तीनपर्यंत गुण, किती वेळा याचे तीनपर्यंत, दोन्हींचा गुणाकार. आठ प्रश्नांचे जास्तीत जास्त ७२. जितके गुण जास्त, तितका दातांचा आयुष्यावर परिणाम जास्त. भाचीचा हिशेब मी मनातच केला. दोन गुणिले तीन, सहा. ७२ पैकी ६. शंभरात आठ.

त्या मुलीची चूक काही नव्हती, पद्धतीचीही नसेल. कुठे तरी मोजायला सुरुवात करावी लागते. आणि सौम्य डागांनी मुलांच्या आयुष्यात फार फरक पडत नाही, तीव्र डागांनी पडतो, हे अशाच मोजण्यातून कळलंय. पण हिशेब लिहिणाऱ्या बाईला एक नोंद चुकीच्या खात्यात पडलेली लगेच दिसते. अभ्यासाला अडचण नाही, असं ती म्हणाली. आणि वहिनी आदल्याच दिवशी सांगत होती, की कविता पाठ असूनही पोरगी वर्गात उभी राहून म्हणत नाही, बाईंनी नाव घेतलं तर येत नाही म्हणते. मिसळायला त्रास नाही म्हणाली. स्नेहसंमेलनात तिनं स्वतः मागून झाडाचं काम घेतलं होतं, तोंडावर हिरवा पुठ्ठा. हे तिच्या लेखी त्रास नाहीतच. तिनं बसवलेली पद्धत आहे ती. मीही विसाव्या वर्षी या प्रश्नांना अशीच नाही, नाही म्हणत गेले असते, आणि माझ्यापुढे कुणी तरी लिहिलं असतं, स्वभाव गंभीर.

त्याच संध्याकाळी हळदीकुंकवात तिळाची वडी खाताना माझ्या समोरच्या दाताचं काँपोझिट निघालं. वडी वहिनीची, गुळाचा पाक पक्का झालेला, म्हणजे दगडच. जिभेला खडबडीत लागलं आणि मी आतल्या खोलीत आरशाकडे पळाले. निम्मा दात उघडा, त्याच जुन्या काताच्या रंगाचा. मागे भाची उभी होती. आरशात तिला दिसलं.

"तुले पण?"

"हव."

ती जवळ आली. माझी हनुवटी धरून, त्या कोटवाल्या पोरासारखं, मोबाईलचा टॉर्च लावून तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काऊन सांगतलं नाई?" मी काहीतरी पुटपुटले. तिनं ते ऐकलं नाही, तिचे व्यवहाराचे प्रश्न सुरू झाले होते. दुखते का? पैसे किती? मले कवा होईन? मी सांगितलं, वरचा थर हलका घासून डाग कमी करता येतात, ते लवकरही होईल, नागपूरला माझ्या डॉक्टरांना दाखवू. पक्कं काम वय वाढल्यावर, दात आणि हिरड्या पुरत्या स्थिर झाल्यावर. ती बोटांवर मोजायला लागली.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मी घरातल्या कुणाला विचारला नव्हता : "छोट्याचं काय?"

छोट्या म्हणजे तिचा भाऊ, दहा वर्षांनी झालेला, आता दीड वर्षाचा. नेमका दीड वर्षाचा. घरात वीस लिटरचा फिल्टरच्या पाण्याचा कॅन येतो, रोज नाही, पण येतो. तो ठेवलेला असतो बैठकीत आणि त्यातलं पाणी मिळतं पाहुण्यांना. छोट्याची खिचडी बोरिंगवर. आमच्या आईला वाटतं, लेकराला उकळून दिलं की झालं. ती मनोभावे वीस मिनिटं उकळते. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराईड तिथेच राहतं, पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं. शाळेजवळच्या बोरिंगवर कधी काळी पिऊ नये म्हणून लाल रंग मारला होता, तो आता पोरांच्या हातांनी पुसून गेलाय. देशाच्या मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही हद्द आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ चालवून घ्यायची सोय. यवतमाळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, एक लहान पोर किती पाणी पितं हे त्या आकड्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

रात्री दादाशी वाद झाला. तो म्हणाला, आपण नाही का मोठे झालो? मी ओठ उचलून त्याला दात दाखवला. तो म्हणाला, रोज कॅन म्हणजे महिन्याचा खर्च बघ. मी म्हटलं, घरादाराला नको, सहाव्या वर्षापर्यंत एकट्या छोट्याला, पिण्याला आणि त्याच्या शिजवण्याला. दिवसाला किती लागणार? आणि कॅनवालाही विचारून घे, त्याचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणारं, आहे की नुसतं जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचं, कारण नुसत्या दिव्यानं फ्लोराईड जात नाही. तुरटीची पद्धतही सांगितली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं १९७५च्या सुमारास काढलेली, चुना आणि तुरटी ठराविक मापानं घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं घ्यायचं. नालगोंडा पद्धत म्हणतात तिला, तेलंगणातल्या त्या जिल्ह्यावरून, जो आमच्यासारखाच पोळलेला. पण माप पाणी तपासून ठरवावं लागतं, आणि रोज मापात ढवळणार कोण, इथे ते अडतं. दादा काही बोलला नाही. तो पटल्यावरही बोलत नाही, न पटल्यावरही. त्यामुळे मी झोपले ती काहीच न समजता.

सकाळी निघताना बैठकीत गेले तर कॅन जागेवर नव्हता. स्वयंपाकघरात, छोट्याच्या वाटी-चमच्याच्या फळीखाली स्टुलावर ठेवलेला. त्यावर शाळेच्या स्केचपेननं, भाचीच्या गोल अक्षरात, कागद चिकटवलेला : 'हे छोट्याचं पाणी आहे. पाहुण्यांनी हात लावू नये.'

मला तहान लागली होती. मी माठातलं घेतलं.